फाशीचा निकाल लागल्यावर घरच्यांनी काय करायचं: एक वही, नकला, तारखा आणि हिंडलग्याच्या फेऱ्या

निकाल झाला त्या दिवशी कोर्टाच्या जिन्यात बसलेल्या मावशींनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा, "साहेबांनी पेनाचं टोक मोडलं काय रे?" खानापूरकडच्या मावशी, कन्नड अजिबात येत नाही, आत काय वाचलं ते कळलं नव्हतं, शेजारच्या कुणीतरी "गल्लु शिक्षे" म्हटल्यावर तेवढंच समजलं होतं. टोक मोडलं म्हणजे आता देव आला तरी बदलत नाही असं त्यांना गावात कुणीतरी सांगितलेलं.

मी बेळगावात एका क्रिमिनल वकिलांच्याकडे कारकून आहे, वकील नाही, त्यामुळं हे कायद्याचं पुस्तक समजून वाचू नका. पण असल्या केसमध्ये घरची माणसं पहिल्या महिन्यात काय काय हातचं घालवून बसतात ते मी जवळून बघितलंय म्हणून लिहितो. आणि हो, मेलेल्या माणसाच्या घरच्यांचं दुःख बाजूला सारून मी हे लिहीत नाही, ते मोठंच आहे, पण कायद्यानं आरोपीला जे दिलंय ते त्याच्या आईला माहीत नसलं म्हणून मेलेल्याला काय मिळत नाही.

तर पहिलं, पेनाचं टोक. ती जुनी पद्धत आहे, काही जज करतात काही करत नाहीत, कायद्यात त्याला कसलीच जागा नाही. तसंच "शेवटची इच्छा" म्हणून सिनेमात दाखवतात तशी काही कलमात लिहिलेली गोष्ट नाही. आणि "दोर तुटला तर माणूस सुटतो" हे तर आमच्या चहाच्या टपरीवर शपथेवर सांगणारे लोक आहेत, ते साफ खोटं, कारण शिक्षेच्या वाक्यातच "मरेपर्यंत" हा शब्द असतो, तो त्यासाठीच आहे.

खरी गोष्ट त्याहून वेगळी आणि घरच्यांच्या कामाची आहे. सेशन कोर्टानं फाशी सुनावली तरी ती तशीच्या तशी अमलात येऊच शकत नाही. ती हायकोर्टानं कायम करावी लागते. आरोपीनं अपील केलं नाही, गप्प बसला, वकील पळून गेला, तरी सगळं रेकॉर्ड आपोआप हायकोर्टात जातंच. आधी ते क्रिमिनल प्रोसिजर कोडच्या कलम ३६६ खाली व्हायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली त्यात ते कलम ४०७ आहे. तिथं निदान दोन न्यायमूर्ती बसतात, पुरावा परत पहिल्यापासून बघतात, जादा पुरावा मागवू शकतात, शिक्षा कमी करू शकतात आणि निर्दोष सोडूसुद्धा शकतात. म्हणजे बेळगावातला निकाल हा शेवट नाही, जिन्याची पहिली पायरी आहे म्हणा.

आता वही. मी सगळ्यांना हेच सांगतो, कोर्टातून घरी जाताना गणपत गल्लीत नाहीतर खडेबाजारात जाऊन दोनशे पानी जाड पुठ्ठ्याची वही घ्या, डायरी नको, सुटे कागद नकोत, मोबाईलमधलं तर नकोच कारण मोबाईल बदलला की गेलं. पहिल्या पानावर वरती केस नंबर आणि सीएनआर नंबर लिहा. सीएनआर म्हणजे सोळा आकडी अक्षरी नंबर असतो, तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की केस कुठं आहे, पुढची तारीख कधी, सगळं घरी बसून दिसतं, त्यासाठी दर वेळी शंभर रुपये खर्चून तालुक्यातून बेळगावला यायची गरज नाही. त्याखाली निकालाची तारीख. त्याखाली नक्कल हातात आली ती तारीख. या दोन तारखांवर पुढचं सगळं मोजलं जातं.

नकलेबद्दल जरा सांगतो कारण इथंच लोक फसतात. फाशीच्या केसमध्ये निकालाची सर्टिफाइड नक्कल आरोपीला लगेच आणि फुकट द्यायची असते, त्यानं अर्ज केला नसला तरी. साध्या केसला मागावी लागते, इथं नाही. आणि अपील किती दिवसांत करायचं हेसुद्धा जजनं आरोपीला सांगायचं असतं, ते दिवस तीस आहेत. पण नक्कल आरोपीला मिळते, म्हणजे ती तुरुंगात जाते, आणि घरच्यांच्या हातात काहीच नसतं, म्हणून मुलाखतीला गेल्यावर विचारायचं की कागद मिळाला का आणि कधी मिळाला. एका केसमध्ये आम्हाला मिळालेल्या नकलेत मधली तीन पानं नव्हती, पान नंबर एकशे बारावरनं थेट एकशे सोळा, आणि आम्ही ते अपीलाचा मसुदा करायला बसल्यावर रात्री बघितलं. नेमकी त्याच पानांत डॉक्टरची उलटतपासणी होती. परत अर्ज, परत हेलपाटे, आठ दिवस गेले. चूक कुणाची ते जाऊ दे, तेव्हापासून मी नक्कल हातात घेतली की काउंटर सोडायच्या आधी तिथंच उभा राहून अंगठ्याला थुंकी लावून एकेक पान मोजतो, मागचे लोक ओरडले तरी.

निकाल कन्नडमध्ये असतो किंवा इंग्लिशमध्ये. आपल्याकडची ही मोठी अडचण आहे, घर मराठी, साक्षी अर्ध्या मराठीत झालेल्या, आणि कागद कन्नड. भाषेच्या वादात मी पडत नाही, इथं त्याचा उपयोग नाही, कामाचं एवढंच की शेजारचा कन्नड शाळेत शिकलेला पोरगा पकडा आणि त्याला निदान शिक्षेवरचा भाग वाचून दाखवायला सांगा. निकालाचे दोन भाग असतात बगा, एक गुन्हा शाबित झाला काय आणि दुसरा शिक्षा काय. दुसरा भाग छोटा असतो, शेवटची काही पानं, पण फाशीच्या केसमध्ये पुढची निम्मी लढाई त्या पानांवर होते. कारण १९८० साली बच्चन सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद, फक्त "दुर्मिळातल्या दुर्मिळ" केसमध्ये, आणि ती देताना नुसता गुन्हा नाही, माणूससुद्धा बघायचा. तो माणूस कोर्टाला कोण दाखवणार? घरचेच.

म्हणून नक्कल आली की दुसरं काम, घरातली पत्र्याची पेटी उघडा. शाळेचा दाखला, जन्माची नोंद, लहानपणी डोक्याला मार लागला असेल, फिट येत असतील, कधी मनोविकाराच्या डॉक्टरकडं नेलं असेल तर त्याचे केस पेपर, बाप लहानपणी गेला असेल तर त्याचा मृत्यूचा दाखला, ऊसतोडीला नाहीतर गोव्याला कामाला कितव्या वर्षी गेला, काय असेल ते. लोकांना हे सांगताना लाज वाटते, "डोक्यानं कमी होता" असं लिहून द्यायला आई तयार होत नाही, मी समजू शकतो. पण २०२२ साली मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्टच सांगितलं की फाशी द्यायच्या आधी आरोपीच्या घरची परिस्थिती, तुरुंगातली वागणूक आणि मानसिक तपासणी यांचे रिपोर्ट मागवले पाहिजेत. ते रिपोर्ट करायला आलेला माणूस गावात येतो, विचारतो, आणि गावातले "आम्हाला काय माहीत नाही" म्हणून दार लावतात. लावू नका. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

शाळेच्या दाखल्याचं एक उदाहरण देतो म्हणजे पटेल. पुण्यात १९९४ साली एका घरातल्या लोकांचे खून झाले, त्यातल्या एका आरोपीला १९९८ साली फाशीची शिक्षा झाली. पुढं त्याच्या राजस्थानातल्या गावच्या शाळेचं रजिस्टर बाहेर आलं, त्यावरून गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता असं निघालं, आणि मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला सोडलं. अठ्ठावीस वर्षांहून जास्त तो आत होता. अल्पवयीन होतो हा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर काढता येतो, केस संपल्यावरसुद्धा. आपल्याकडं शाळेत घालताना मास्तरनं वय अंदाजानं लिहिलेलं असतं, सगळ्या गावाची जन्मतारीख एक जून, तरीपण ते रजिस्टर म्हणजे पुरावा आहे, शाळा बंद पडली असली तर जवळच्या केंद्रशाळेत किंवा तालुक्याच्या शिक्षण खात्यात ते गेलेलं असतं, शोधा.

वकिलाचं काय. पैसे नसले तर घाबरू नका आणि शेत विकू नका, हे मी स्वतः वकिलाकडं नोकरी करत असून सांगतोय. तुरुंगात असलेल्या कुणालाही, त्याचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळायचा हक्क आहे, १९८७ च्या कायद्यानं. बेळगावात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, धारवाडला हायकोर्टाची वेगळी कमिटी आहे, दिल्लीत सुप्रीम कोर्टाची. फोनवर १५१०० लावला तरी सुरुवात होते. फुकटचा वकील म्हणजे वाईट असं काही नाही, फक्त त्याला पाठपुरावा लागतो, वही घेऊन जाऊन बसावं लागतं.

हायकोर्ट म्हणजे आपल्याला बेंगळूरला जायला लागत नाही हे अजून बऱ्याच जणांना माहीत नसतं. २००८ पासून धारवाडला खंडपीठ आहे, २०१३ ला ते कायमचं झालं, बेळगाव जिल्हा त्यातच येतो. हुबळी-धारवाड गाडीत बसताना कंडक्टरला हायकोर्ट म्हणून सांगा, ते शहराच्या आत नाही, हायवेला आहे, स्टँडपर्यंत गेलात तर रिक्षाला परत पैसे. सकाळची गाडी धरा. आणि तिथं सगळं इंग्लिशमध्ये चालतं, उभं राहून काही कळणार नाही, पण घरचं माणूस मागच्या बाकावर बसलेलं वकिलाला दिसलं की फरक पडतो, हा माझा अनुभव.

आता हिंडलगा, बेळगावचा मध्यवर्ती तुरुंग तिथंच आहे. कर्नाटकात फाशीची शिक्षा झालेले कैदी बहुतेक इथंच आणून ठेवतात, त्यामुळं बेळगावच्या माणसाला हे गाव म्हटलं की अंगावर काटा येतो, मग तिथली मिरचीभजी कितीही चांगली असू देत. वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं की आलंच. मुलाखतीला जाताना आधार कार्ड, त्याची झेरॉक्स, कैद्याचा नंबर आणि वही. आत काय काय नेता येतं ते गेटवरच विचारा, दर वेळी बदलतं असा आमचा अनुभव. घरनं केलेल्या भाकऱ्या परत न्यायला लागल्या म्हणून रडणारी आई मी बघितलीय, म्हणून आधी विचारा.

आणि मुलाखतीत काय बोलायचं? लोक तिथं जाऊन नुसतं रडतात, दहा-पंधरा मिनिटं त्यातच जातात. रडा, पण चार गोष्टी विचारून घ्या आणि बाहेर आल्या आल्या रस्त्यावरच्या कट्ट्यावर बसून वहीत उतरवा. कुठल्या खोलीत ठेवलंय, एकटा आहे का बरोबर कुणी आहे, दिवसातून किती वेळ बाहेर सोडतात. झोप लागते का, जेवण जातं का, वजन उतरलंय का. डॉक्टर शेवटचा कधी आला, गोळ्या कसल्या दिल्या. कुठल्या कागदावर सही घेतली का. बास, एवढंच. आणि तुम्हाला स्वतःला डोळ्यानं काय दिसलं ते, म्हणजे हात थरथरत होते, ओळखायला वेळ लागला, एकच वाक्य परत परत बोलत होता, तेही तारखेसकट.

हे का सांगतोय ते नीट ऐका. फाशी म्हटलं की सगळ्यांचं लक्ष दोराकडं जातं, शरीराचं काय होतं, किती वेळ लागतो, हेच विचारतात. पण शरीराचं आणि डोक्याचं जे व्हायचं ते त्याच्या आधी वर्षानुवर्षं खोलीत होत असतं. आणि कोर्ट ते ऐकतं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या हिंडलग्यातलंच आहे. बेंगळूरच्या एका खटल्यात २००६ साली फाशीची शिक्षा झालेल्या बी. ए. उमेशला तिथं आणून ठेवलं, आणि २००६ ते २०१६ तो एकांतात होता. त्याचा दयेचा अर्ज राष्ट्रपतींनी २०१३ साली फेटाळला होता, म्हणजे सगळे दरवाजे बंद असं आपण म्हणू. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की एवढी वर्षं एकांतात ठेवणं बेकायदेशीर होतं, त्याच्या तब्येतीवर वाईट परिणाम झाला, आणि फाशी काढून किमान तीस वर्षांची जन्मठेप केली. गुन्हा भयंकर होता, कोर्टानं तो माफ केला नाही, पण खोलीचा हिशेब धरला.

एकांताचा नियम तर १९७८ सालचाच आहे. सुनील बत्रा केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की नुसती सेशन कोर्टात फाशी झाली म्हणून कैद्याला वेगळं कोंडता येत नाही, अपील आणि दयेचा अर्ज हे सगळं संपेपर्यंत तो कायद्याच्या अर्थानं "फाशीचा कैदी" होतच नाही. सगळीकडं पाळतात असं समजू नका. तुमच्या वहीत "अमुक तारखेला विचारलं, एकटाच आहे म्हणाला" असं दर पंधरा दिवसाला लिहिलेलं असेल तर उद्या वकिलाच्या हातात काहीतरी असतं. तसंच २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्या एका केसमध्ये शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजार हे फाशी कमी करायचं कारण धरलं. आजार जडला हे दाखवायला कागद लागतो, आणि कागदाची सुरुवात बऱ्याचदा आईच्या वहीतनं होते. मानसिक तपासणी करा असा साधा अर्ज तुरुंगाच्या सुपरिंटेंडंटला द्या, पोच घ्या, पोच वहीत चिकटवा.

मग फाशीच देतात का, दुसरी काही पद्धत नाही का, हा प्रश्न गावात हमखास येतो म्हणून थोडक्यात. कायद्यात शब्दच आहेत की गळ्याला फास देऊन मरेपर्यंत लटकवावं, आधी कलम ३५४ चं पोटकलम ५ होतं, आता ३९३ मध्ये आहे. लष्कराच्या कायद्यात गोळी घालण्याचाही पर्याय आहे, आपल्या कोर्टांना तो नाही. १९८३ साली दीना नावाच्या कैद्याच्या केसमध्ये ही पद्धत क्रूर आहे म्हणून आव्हान दिलं गेलं, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या बेंचपुढं ते चाललं. त्यात कोर्टानं एक चांगली गोष्ट केली, पद्धत क्रूर नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारवर टाकली. मग सरकारनं इंग्लंडच्या रॉयल कमिशनचा १९५३ चा अहवाल वगैरे पुढं केला, खुर्ची, गॅस, इंजेक्शन सगळ्याची तुलना झाली, आणि शेवटी कोर्टानं फाशी कायम ठेवली. पुढं २००३ मध्ये लॉ कमिशननं इंजेक्शनचा पर्याय असावा असं सुचवलं, २०१५ मध्ये त्याच कमिशननं दहशतवाद सोडून बाकी गुन्ह्यांना फाशीच नको म्हटलं, २०१७ मध्ये पद्धतीवर परत याचिका आली. तुमच्या माणसाच्या केसला याचा आज काही उपयोग नाही. या विषयावर घरातल्या पोरांना मोबाईलवर व्हिडिओ बघत बसू देऊ नका. असल्या घरात आधीच कुणाचं तरी डोकं ठिकाणावर नसतं, बायको असेल, भाऊ असेल, आणि "मीच जातो त्याच्या आधी" असलं बोलणं मी दोन घरांत ऐकलंय. तसं कुणी बोललं तर ते बोलणं खरं धरा, एकटं सोडू नका, टेलि-मानसचा १४४१६ नंबर लावा, फुकट आहे, मराठीतसुद्धा बोलतात.

हायकोर्टानंही फाशी कायम केली तर सुप्रीम कोर्टात जायला साठ दिवस. लिहा वहीत, लाल पेनानं. तिथं फेटाळलं तर पुनर्विचाराचा अर्ज, त्याला तीस दिवस. इथं एक बदल २०१४ साली झालाय, मोहम्मद आरिफ केसनंतर, फाशीच्या केसचा पुनर्विचार बंद खोलीत कागद फिरवून होत नाही, तीन न्यायमूर्तींपुढं उघड्या कोर्टात वकिलाला बोलायला मिळतं. त्याच्यापुढं क्युरेटिव्ह म्हणून एक अर्ज असतो, त्याचं वकील बघतील. सुप्रीम कोर्टाचे बरेच निकाल आता मराठीत आणि कन्नडमध्येही वेबसाइटवर मिळतात, मशीनचं भाषांतर असल्यासारखं वाटतं कधी कधी, पण अर्थ लागतो.

दयेचा अर्ज. याबद्दल लोकांचा समज असा की तो एकदम शेवटी, सगळं हरल्यावर, रडतकढत एक पान लिहून द्यायचा. तसं करू नका. नव्या कायद्यात, कलम ४७२, मुदत घातलीय. सुप्रीम कोर्टात फेटाळल्याचं सुपरिंटेंडंटनं कैद्याला कळवलं की त्या तारखेपासून तीस दिवस. अर्ज कैदी स्वतः देऊ शकतो, नाहीतर वारस किंवा नातेवाईक देऊ शकतो, म्हणजे आई देऊ शकते. आधी राज्यपालांकडं दिला आणि त्यांनी फेटाळला तर राष्ट्रपतींकडं साठ दिवसांत. म्हणून "कधी कळवलं" ही तारीख मुलाखतीत विचारायची असते, नकलेच्या तारखेसारखीच.

अर्ज लिहिताना "मुलगा निर्दोष आहे" एवढंच दहा वेळा लिहू नका. तेही लिहा, कारण १९८८ च्या केहर सिंग केसनुसार राष्ट्रपती पुराव्याकडं स्वतःच्या नजरेनं बघू शकतात, कोर्टाचं म्हणणं त्यांना बांधून ठेवत नाही. पण पेटीतले कागद जोडा, तब्येतीचे कागद जोडा, आत किती वर्षं झाली, तिथं काय शिकला, वागणूक कशी, त्याची मुलं किती वर्षांची आहेत. मराठीत लिहा, लाजू नका, आईनं सांगितलेलं आईच्या शब्दांत असू द्या, खाली इंग्लिश भाषांतर जोडा. एका मावशींचा अर्ज वकिलांनी इतका भारी इंग्लिशमध्ये केला की वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "हे कुणाच्या पोराबद्दल हाय?" मग आम्ही परत बसलो, त्या बोलल्या तसं मी लिहिलं, दोन पानं झाली. नाचणीच्या शेतात साप निघाला तेव्हा पोरानं धाकट्या बहिणीला खांद्यावर घेऊन कसं पळवलं, हेसुद्धा त्यात आलं. काढायचं म्हणाले वकील. मी म्हटलं राहू द्या की.

अर्ज पडून राहिला तर? प्रत्येक महिना वहीत लिहा. उशीर हे स्वतःच कारण होतं. २१ जानेवारी २०१४ ला शत्रुघ्न चौहान केसमध्ये सुप्रीम कोर्टानं पंधरा जणांची फाशी जन्मठेप केली, दयेच्या अर्जाला कारण नसताना लावलेला उशीर हे त्यातलं मुख्य कारण, आणि त्या पंधरांत हिंडलग्यातले चौघे होते, चंदनतस्कर वीरप्पनचे साथीदार. आठवत असेल बेळगावकरांना, फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यांचे अर्ज फेटाळल्याची बातमी आली आणि तुरुंगाबाहेर टीव्हीवाल्यांच्या गाड्या लागल्या, आज होणार उद्या होणार म्हणून सगळं गाव बोलत होतं. झालं नाही. कोर्टानं आधी थांबवलं आणि मग वर्षभरानं फाशीच काढली. लहान मुलांच्या खुनांच्या केसमधल्या कोल्हापूरच्या त्या दोघी गावित बहिणींचंही तसंच, त्यांच्या दयेच्या अर्जाला सात-आठ वर्षं लागली म्हणून मुंबई हायकोर्टानं जानेवारी २०२२ मध्ये जन्मठेप केली. त्यांच्याबद्दल कुणाला दया येत नाही हे मला माहिताय, माझ्या बायकोलासुद्धा येत नाही, पण नियम सगळ्यांना एकच.

राहिलं शेवटचं. अर्ज फेटाळला तर ते लेखी कळवायला लागतं, कैद्याला आणि घरच्यांनाही, आणि कळवल्यापासून निदान चौदा दिवस मध्ये जायला लागतात. हा नियमही त्याच २०१४ च्या निकालातला. त्याच्या आदल्या वर्षी दिल्लीत एका कैद्याच्या घरच्यांना स्पीड पोस्टनं पाठवलेलं पत्र फाशी होऊन गेल्यावर पोचलं होतं, त्यावरनं देशभर चर्चा झाली होती. म्हणून तुरुंगात तुमचा पत्ता आणि फोन बरोबर आहे का ते दर सहा महिन्यांनी बघा, भाड्याचं घर बदललं तर लेखी द्या. डेथ वॉरंट, म्हणजे फाशीची तारीख ठरवणारा कोर्टाचा हुकूम, निघालं अशी बातमी टीव्हीवर दिसली तरी हातपाय गाळू नका, २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं शबनमच्या केसमध्ये असलं घाईनं काढलेलं वॉरंट रद्द केलंय, कारण तिचे पुढचे उपाय अजून शिल्लक होते. त्या चौदा दिवसांतही वकील मिळायचा हक्क आहे, फुकट, आणि केसचे सगळे कागद मागायचा हक्क आहे, आठवड्याच्या आत. घरच्यांना शेवटची भेट द्यायलाच लागते, तब्येत आणि मन ठीक आहे का याची तपासणी सरकारी डॉक्टरनं करायलाच लागते, ठीक नसेल तर थांबवून कळवायला लागतं. आणि नंतर शवविच्छेदन सक्तीचं आहे, मृत्यू नेमका कसा झाला ते कागदावर यावं म्हणून, आधी हे कुठल्या जेल मॅन्युअलमध्ये सक्तीचं नव्हतं.

त्या मावशींची वही आता तिसरी चालू आहे. पहिलीच्या पुठ्ठ्यावर गणपतीचं चित्र होतं ते हात लागून लागून पुसलंय. मागच्या महिन्यात धारवाडला तारीख होती तेव्हा वकिलांनी विचारलं, नक्कल तुरुंगात कधी मिळाली होती, आमच्या फायलीत सापडेना. मावशींनी पिशवीतनं वही काढली, मला वाचता येतंय का बघ म्हणाल्या, त्यांच्या नातवानं पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, तारीख, वार, आणि पुढं "बाबा आज जेवला नव्हता".